टिक्स, जुनं इन्फेक्शन आणि मॅग्नेशियमची डबी: सुरू करण्याआधी काय काय पाहायचं

गेल्या वर्षी पावसाळ्यात ऐरोलीच्या एक बाई आमच्या दुकानात आल्या. मी ठाण्यात, नौपाड्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून वीस वर्षं झाली. त्यांनी मोबाईलवर मॅग्नेशियमच्या डबीचा फोटो दाखवला. "ताई, ही आहे का? मुलाचे टिक्स फार वाढलेत." मुलगा शेजारीच उभा होता, अकरावीतला. दोन मिनिटांत त्याने चार-पाच वेळा मान उजवीकडे झटकली. प्रत्येक झटक्याआधी डोळे घट्ट मिटायचे आणि मधूनच घशातून बारीकसा 'हं' निघायचा. तो 'हं' निघाला की आईची नजर दुकानात फिरायची, कुणी बघितलं का म्हणून.

डबी माझ्या मागच्या फळीवरच होती. मी विचारलं, "बाकी काय औषधं चालू आहेत?" टिक्ससाठी अरिपिप्राझोल, एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत काही मोठं आजारपण?" तेव्हा म्हणाल्या, "टीबी निघाला ना त्याला. पण त्या गोळ्या सरकारी केंद्रातून मिळतात, विकत नाही घेत."

विकत घेत नाहीत, म्हणून त्यांच्या लेखी त्या औषधांच्या यादीतच नव्हत्या. हा लेख मी त्या वाक्यामुळे लिहिते आहे. टीबी, वारंवार येणारे टॉन्सिल, जुना सायनस, पोटातला एच पायलोरी जंतू, एचआयव्ही अशी लांबलेली इन्फेक्शन्स आणि टिक्स एकाच माणसात असतात, तेव्हा मॅग्नेशियम, लोह, झिंक या साध्या वाटणाऱ्या गोळ्या साध्या राहत नाहीत. मिनरलची गोळी टिक्स थेट कमी करते असा भक्कम पुरावा आजवर नाही. पण आडवाटेने तिचा परिणाम होऊ शकतो, चांगला आणि वाईट दोन्ही. त्या आडवाटा नीट कळल्या तर पैसे वाचतात आणि कधी कधी त्याहून बरंच मोठं काही वाचतं.

आधी हे टिकच आहे का ते बघा

आपल्याकडे 'डोळा लवतो' म्हणतात, उजवा लवला की शुभ की अशुभ यावर घरात चर्चा होते. पापणीची ती बारीक फडफड म्हणजे टिक नव्हे. जागरण, चहा-कॉफीचा अतिरेक, थकवा यांनी ती होते आणि आपोआप जाते. टिकमध्ये ठरावीक हालचाल किंवा आवाज पुन्हा पुन्हा तस्साच येतो: डोळे मिचकावणं, खांदा उडवणं, मान झटकणं, नाक ओढणं, घसा खाकरणं. मोठी मुलं सांगतात की आधी आत काहीतरी दाटून येतं आणि हालचाल केली की मोकळं वाटतं. थोडा वेळ दाबून धरता येतं, म्हणून शाळेत शांत असलेलं पोर घरात शिरताच धडाधड टिक्स करतं. झोपेत ते बहुतेक थांबतात. सुरुवात साधारण चार ते सहा वर्षांच्या सुमारास होते, जोर दहा ते बाराच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो, आणि पुढे बऱ्याच जणांचे कमी होतात. हालचालींचे अनेक टिक्स आणि निदान एक आवाजाचा, असं वर्षभराहून जास्त चाललं आणि सुरुवात अठराच्या आत झाली असेल, तर त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. १८८५ साली जॉर्ज जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, त्यांचंच हे नाव.

आता टिकसारखं दिसणारं पण टिक नसलेलं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण यातल्या काही गोष्टींत मिनरलच्या नादात महिनाभर गेला तर तो महिना महागात पडतो.

रक्तातलं कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम खरोखर खाली गेलं तर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हाताची बोटं आखडून चोचीसारखी जुळतात, पोटऱ्यांत गोळे येतात, स्नायू फुरफुरतात. हे टिक्स नाहीत, कमतरतेची लक्षणं आहेत. मॅग्नेशियमने 'टिक्स' झटक्यात गेले असं ज्यांना वाटतं, त्यांच्यातल्या काहींना मुळात हाच त्रास असावा असं माझं मत आहे.

घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस इन्फेक्शननंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, होणारा सिडनहॅम कोरिया आपल्या देशात अजून दिसतो. त्यात हालचाल ठरावीक नसते, वाहती असते: हात भलतीकडे जातात, हातातली वाटी पडते, अक्षर बिघडतं, बाहेर काढलेली जीभ स्थिर राहत नाही. हा संधिवाताच्या तापाचा भाग असतो आणि त्यात हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. त्याला इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि पेनिसिलिन लागतं, मॅग्नेशियम नाही.

लहानपणी गोवर झालेल्या मुलाला काही वर्षांनी एकाच लयीत, ठरावीक अंतराने अंगाला हिसके बसू लागले आणि सोबत अभ्यास, बोलणं, आठवण घसरू लागली, तर तो एसएसपीई असू शकतो. गोवराचा विषाणू मेंदूत टिकून राहिल्याने होणारा हा गंभीर आजार आहे. हिसक्यासोबत शुद्ध हरपत असेल, नजर शून्यात जात असेल तर फिट्सचा विचार करायला हवा. किशोरवयात थरथर, बोलण्यात जडपणा, सोबत कावीळ किंवा यकृताचा त्रास असेल तर शरीरात तांबं साचवणारा विल्सनचा आजार तपासतात. आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड घेतल्यावर काही तासांत मान वाकडी होऊन अडकली, डोळे वर गेले, तर तो त्या औषधाचा दुष्परिणाम आहे. तडक दवाखान्यात जायचं.

यावर घरी करण्यासारखं एकच काम आहे, पण ते फार उपयोगी पडतं. मोबाईलवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे चार-पाच व्हिडिओ घ्या: जेवताना, टीव्ही बघताना, लिहिताना, झोपेत. डॉक्टरांसमोर मुलं टिक्स दाबतात आणि मग "मला तर काही दिसत नाही" ऐकून आईवडील परत येतात.

इन्फेक्शनचा आणि टिक्सचा संबंध किती?

१९९८ साली अमेरिकेत सुसान स्वीडो आणि सहकाऱ्यांनी पँडास नावाची कल्पना मांडली: स्ट्रेप्टोकॉकसच्या इन्फेक्शननंतर काही मुलांत टिक्स किंवा मंत्रचळासारखी लक्षणं रातोरात, नाट्यमय रीतीने सुरू होतात. यावर डॉक्टरांमध्ये आजही वाद आहे. 'रातोरात' हा शब्द मात्र लक्षात ठेवा. वर्षभर हळूहळू कमीजास्त होणारे टिक्स त्यात बसत नाहीत. शिवाय एएसओ टायटर, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धच्या प्रतिपिंडांचं रक्तातलं माप, वाढलेला म्हणजे मागे कधीतरी स्ट्रेप्टोकॉकसशी गाठ पडली होती, इतकाच त्याचा अर्थ. तो महिनोन्महिने चढलेला राहू शकतो आणि कितीतरी ठणठणीत मुलांतही चढलेला सापडतो.

इंटरनेटवर लाइम आजाराच्या रुग्णांचे अनुभव वाचून मॅग्नेशियम मागणारेही येतात. लाइम हा गोचीड चावल्याने होणारा, मुख्यतः उत्तर अमेरिका आणि युरोपातला आजार. तिथले लोक औषध सुरू असताना लक्षणं वाढली की त्याला 'हर्क्स' म्हणतात. खरी हर्क्सहाइमर प्रतिक्रिया अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसनंतर काही तासांत येते आणि साधारण दिवसभरात ओसरते. मॅग्नेशियम सुरू केल्यावर तीन आठवडे टिक्स वाढलेले राहिले तर 'विषारी घाण बाहेर पडतेय' म्हणून चालू ठेवू नका. तसं काही नसतं.

याशिवाय लांबलेलं आजारपण टिक्स वाढवतं ते अगदी साध्या कारणांनी: झोप मोडते, ताप येतो, शाळा बुडते, मनावर ताण येतो. आणि नवीन औषधं सुरू होतात.

सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा

शब्दशः मांडा. विकतच्या, सरकारी केंद्राच्या, शाळेतून मिळणाऱ्या, आयुर्वेदाच्या, जिममधल्या मित्राने दिलेल्या पावडरीसुद्धा. अ‍ॅसिडिटीचं गुलाबी सिरप विसरू नका, त्यात मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम असतं. शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी मिळते: पाच ते नऊ वर्षांसाठी गुलाबी, ४५ मिलिग्रॅम लोहाची, दहा ते एकोणीस वर्षांसाठी निळी, ६० मिलिग्रॅमची. तीही यादीत लिहा. भस्मं असतील तर त्यांचंही नाव लिहा. काही उत्पादनांत शिसं आणि पारा आढळलेला आहे, आणि शिसं लहान मुलाच्या मेंदूला बाधतं.

मग तीन प्रश्न विचारायचे.

पहिला: यातलं कुठलं औषध मिनरलशी चिकटतं? मॅग्नेशियम, लोह, झिंक, कॅल्शियम आतड्यात काही अँटिबायोटिक्सना अक्षरशः धरून बसतात आणि ते औषध रक्तात न जाता बाहेर पडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन हा एक गट. डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन हा दुसरा. एचआयव्हीच्या उपचारातलं डोल्युटेग्राव्हिरही असंच चिकटतं. टीबीतलं आयसोनियाझिड अ‍ॅल्युमिनियमच्या अँटासिडमुळे कमी शोषलं जातं. थायरॉइडची गोळी लोह किंवा कॅल्शियमपासून चार तास लांब ठेवावी लागते.

अंतर किती? सिप्रोफ्लॉक्सासिन मिनरलच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. मॉक्सिफ्लॉक्सासिन चार तास आधी किंवा आठ तास नंतर. लेव्होफ्लॉक्सासिनला किमान दोन-दोन तास. डोल्युटेग्राव्हिर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत लोह जास्त त्रासदायक, कारण हे औषध पित्तातून पुन्हा आतड्यात येतं आणि लोह तिथेही त्याला गाठतं. हे सगळं पाठ करण्यापेक्षा मी लोकांना सांगते: डॉक्टरांनी मिनरल चालू ठेवायला सांगितलंच असेल तर अँटिबायोटिक सकाळी आणि मिनरल रात्री झोपताना. दिवसातून दोनदा अँटिबायोटिक असेल तर मिनरलसाठी दुपारची वेळ साधून घ्यायची, आणि सकाळची गोळी दुधाने किंवा नाचणीच्या सत्वाने घ्यायची नाही, पाण्यानेच घ्यायची. टीबी असेल तर मात्र केंद्रावर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका. टीबीचं औषध अर्धवट शोषलं गेलं तर जंतू त्याला दाद द्यायचा थांबू शकतो, आणि तो धोका एका घरापुरता राहत नाही.

दुसरा प्रश्न: इन्फेक्शनचं औषध आणि टिक्सचं औषध एकमेकांच्या वाटेत येतं का? मॅग्नेशियमच्या चर्चेत हा प्रश्न हरवतो, आणि ऐरोलीच्या मुलाच्या बाबतीत खरं उत्तर इथेच होतं. मी आईंना विचारलं, "त्याची लघवी केशरी होते का?" त्या चमकल्या. "हो, पहिल्या दिवसापासून." म्हणजे रिफाम्पिसिन. ते यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा वेगवान करतं, त्यामुळे अरिपिप्राझोल, हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांची रक्तातली पातळी बरीच खाली येते. दुसरीपासूनचे टिक्स गोळीने आटोक्यात होते, टीबीचा कोर्स सुरू झाला आणि महिन्याभरात उसळले. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आलाय, मिनरल कमी पडलंय. गोळी तीच होती, पण शरीरात टिकत नव्हती. त्यांच्या फाइलमध्ये लेव्होफ्लॉक्सासिनही होतं, कारण त्याच्या टीबीवर आयसोनियाझिड चालत नव्हतं. ती मॅग्नेशियमची डबी सकाळच्या नाश्त्याला सुरू झाली असती तर टिक्स तसेच राहिले असते आणि टीबीच्या एका मुख्य गोळीचा जोर गेला असता.

याच्या उलट जोडीही आहे आणि ती जास्त धोक्याची आहे. टिक्ससाठी पिमोझाइड चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन घेतलं तर पिमोझाइड शरीरात साचतं आणि हृदयाचा ठेका बिघडून जीव जाऊ शकतो. एच पायलोरीच्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन पुष्कळदा असतं, सायनसच्या कोर्समध्येही असू शकतं. ही जोडी कागदावर दिसली की दुकानातून गोळी न घेता डॉक्टरांना फोन करा.

तिसरा प्रश्न: कुठलं औषध मिनरल कमी करतंय? ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारखी पित्ताची गोळी महिनोन्महिने चालली तर मॅग्नेशियम घसरू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्ये तसा इशारा दिला होता. अमिकासिनसारखी इंजेक्शनं मूत्रपिंडातून मॅग्नेशियम घालवतात, लांबलेले जुलाबही तेच करतात. औषधाला न बधणाऱ्या टीबीत बेडाक्विलिन असेल तर मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम कमी असणं हृदयासाठी घातक ठरू शकतं, म्हणून तिथे डॉक्टर या तपासण्या आणि ईसीजी करतात. म्हणजे मिनरलची गरज खरीच असू शकते. फक्त ती अंदाजाने ठरवायची नसते.

रक्त तपासणी, आणि फेरिटिनचा चकवा

डॉक्टरांनी सांगितलंच असेल तर या तपासण्या एकदम करून घ्या: सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), सीआरपी (इन्फेक्शन किंवा सूज आहे का), ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तात फिरणारं लोह), कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), ड जीवनसत्त्व.

लोह मेंदूत डोपामिन तयार होण्यासाठी लागतं, आणि टिक्सच्या मुळाशी डोपामिनच्या वाटांचा संबंध आहे. टिक्स असलेल्या मुलांत फेरिटिन कमी आढळल्याचे काही अभ्यास आहेत. लोह दिल्याने टिक्स जातात हे मात्र त्यांतून सिद्ध होत नाही. तरी लोहाची कमतरता सापडली तर ती भरून काढायलाच हवी, टिक्स असोत वा नसोत.

चकवा असा की इन्फेक्शन असताना फेरिटिन आपोआप चढतं. शरीर लोह जंतूंपासून लपवून कोठारात ठेवतं आणि फेरिटिन हे त्या कोठाराचं माप. त्यामुळे आत खडखडाट असूनही रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पाच वर्षांवरच्यांसाठी फेरिटिनच्या कमतरतेची रेषा १५ (मायक्रोग्रॅम प्रति लिटर) आहे, पण इन्फेक्शन किंवा सूज असेल तर तीच ७० धरायची. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी १२ आणि ३०. म्हणून सीआरपी सोबत बघायचं आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशनही.

याचा अर्थ लगेच लोह सुरू करा असा नाही. इन्फेक्शन जोरात असताना लोह नीट शोषलंही जात नाही. टीबीतला अशक्तपणा पुष्कळदा टीबीच्या उपचारानेच सुधारतो, त्यामुळे डॉक्टर कधी कधी मुद्दाम थांबतात. त्यांच्या थांबण्याला निष्काळजीपणा समजू नका.

ठाणे आणि आसपासच्या भागासाठी एक खास गोष्ट. उल्हासनगर, कल्याण, मुलुंड, ठाणे भागात सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत आणि या समाजांत थॅलसेमिया मायनर हा आईवडिलांकडून येणारा रक्तातला दोष बराच आढळतो. त्यातही हिमोग्लोबिन कमी आणि तांबड्या पेशी बारीक दिसतात, पण लोह भरपूर असू शकतं. अशा मुलाला वर्षानुवर्षं टॉनिक पाजत राहण्यापेक्षा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी एकदा करून घ्या.

मॅग्नेशियमची रक्त तपासणी कमी आली तर ती खरी मानायची. नॉर्मल आली तर पूर्ण हायसं वाटून घेऊ नका, कारण शरीरातल्या मॅग्नेशियमचा जेमतेम एक टक्का रक्तात असतो, बाकी हाडांत आणि पेशींत.

कुठलं मिनरल, किती

मॅग्नेशियमबद्दल आशा का आहे ते सांगते. मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या दारावर मॅग्नेशियम अडसरासारखं बसतं आणि पेशींना विनाकारण उत्तेजित होऊ देत नाही. कल्पना सुंदर आहे, पण माणसांवरचे प्रयोग फार छोटे आहेत. घ्यायचंच ठरलं, तर आधी मूत्रपिंड. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मॅग्नेशियम शरीरात साचतं. रक्तदाब उतरतो, गुंगी येते, श्वास मंदावतो.

डबीवरचा आकडा नीट वाचा. मॅग्नेशियम बिसग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर त्यात मूळ मॅग्नेशियम साधारण १४० मिलिग्रॅमच असतं. ऑक्साइडमध्ये मूळ धातू जास्त, पण शोषण कमी आणि पोट बिघडण्याचं प्रमाण जास्त. अमेरिकी मानकांनुसार गोळीतून घ्यायची वरची मर्यादा चार ते आठ वर्षांसाठी ११० मिलिग्रॅम आणि नऊ वर्षांपुढे ३५०, आणि हा आकडा मूळ मॅग्नेशियमचा आहे. ही मर्यादा आहे, डोस नव्हे. डोस डॉक्टर ठरवतील. जुलाब लागले तर प्रमाण जास्त झालंय. आणि अनेक डब्यांवर बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. ती शोधा, कारण ते खाद्यपूरक म्हणून विकलं जातं, औषधाच्या कसोट्यांतून गेलेलं नसतं.

मॅग्नेशियमसोबत बहुतेक डब्यांत बी-६ असतं. ते जास्त प्रमाणात महिनोन्महिने घेतलं तर हातापायांच्या नसा बिघडतात, तळव्यांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. टीबीत आयसोनियाझिडसोबत बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन आधीच दिलं जातं. दोन्हीकडून मिळतंय का ते बघा.

लोह रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत, चहापासून दीड-दोन तास लांब. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही कोठार भरायला साधारण तीन महिने चालू ठेवतात. लोहाची बाटली कपाटात कुलपात ठेवा. गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या लोहाच्या गोळ्या लहान भावंडाने मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेततं.

झिंक दीर्घकाळ जास्त घेतलं तर तांबं कमी होऊन मज्जारज्जूला इजा होते. टिक्ससाठी ते घेण्याचं कारण मला दिसत नाही. कॅल्शियमही कमी असेल तरच. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक असते. ती रोज घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, कॅल्शियम चढून थेट अ‍ॅडमिट झालेली.

ताटातल्या मिनरलला मात्र माझा मोकळा पाठिंबा आहे. बाजरीची भाकरी, नाचणी, तीळ, भोपळ्याच्या बिया, मोड आलेली मटकी, राजगिरा, अळिवाचा लाडू, आणि खात असाल तर जवळा-सुकट. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात महिन्याचं हे सगळं एका मॅग्नेशियमच्या डबीपेक्षा स्वस्तात येतं. फक्त अळीव आणि नाचणी अँटिबायोटिकच्या वेळेला नको.

डबीआधी वही

टिक्स ठाण्याच्या खाडीसारखे असतात, भरती-ओहोटी त्यांचा स्वभाव आहे. आपण गोळी केव्हा आणतो? भरती अगदी वर आली, धीर सुटला, तेव्हा. पुढे ओहोटी आपसूक येते आणि श्रेय गोळीला जातं. पुढच्या भरतीला आपण गोळी दुप्पट करतो.

म्हणून गोळी सुरू करण्याआधी किमान चार आठवडे वही लिहा. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, एकाच वेळी, एकाच खोलीत किती टिक्स झाले ते मोजा. मुलाला कळू न देता, कोपऱ्यात भाजी निवडत बसल्यासारखं. टिक्सकडे लक्ष वेधलं की ते वाढतात. मोठा मुलगा असेल तर त्याला आधी विचारा, तो स्वतःच लिहील. त्याच ओळीत झोपेचे तास, ताप, परीक्षा, औषधातला बदल. मग एकच बदल करा, एकच मिनरल, सहा आठवडे. त्यानंतर मॅग्नेशियम तीन आठवडे बंद ठेवून बघा. बंद केल्यावर आकडे तिथेच राहिले तर डबी लागत नव्हती. लोह कमतरतेसाठी सुरू असेल तर ते या खेळात घेऊ नका, ते पूर्ण कोर्स चालू दे. अँटिबायोटिक किंवा टिक्सची गोळी तर या प्रयोगासाठी कधीही थांबवायची नाही.

"बंद कर ते" हे वाक्य वहीच्या काळात घरातून हद्दपार करा. आजी-आजोबांनाही समजावून सांगा. त्या तीन शब्दांनी टिक्स वाढतात, हे आकड्यांतच दिसेल.

कुणाकडे जायचं

टिक्सवर सर्वांत चांगला पुरावा असलेला उपचार गोळी नाही, वर्तनोपचार आहे. दाटून येण्याची चाहूल ओळखायची आणि त्या क्षणी टिकच्या उलट हालचाल धरून ठेवायची, असं शिकवतात. मान झटकणाऱ्याने हनुवटी हलकेच खाली धरून सावकाश श्वास घ्यायचा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नऊ ते सतरा वर्षांची १२६ मुलं होती. या पद्धतीने सुमारे ५३ टक्के मुलांना ठळक फरक पडला, नुसत्या समुपदेशनाच्या गटात सुमारे १९ टक्क्यांना. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही तिलाच पहिलं स्थान आहे.

सुरुवात आपल्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. महापालिकेच्या दवाखान्यात जायचं असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय. तिथून मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी घेता येते. मुंबईत परळला केईएम आणि वाडिया बालरुग्णालय आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर घाबरू नका. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय असल्यामुळे की काय, इथे 'मानसोपचार' म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. टिक्सवर उपचार करणाऱ्यांत हे डॉक्टर नेहमीच असतात.

ताप आणि मान ताठ होणं, शुद्ध हरपणं, चालणं किंवा बोलणं बिघडणं, छातीत धडधड होऊन भोवळ येणं, लक्षणं एका रात्रीत उसळून खाणंपिणं बंद होणं: यातलं काही असेल तर वही ठेवून द्या आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ऐरोलीच्या आईंनी त्या दिवशी डबी घेतली नाही. मी एका कागदावर दोन्हीकडच्या गोळ्यांची नावं लिहून दिली. तो कागद त्यांनी टीबी केंद्रातही दाखवला आणि मेंदूविकारतज्ज्ञांनाही. अरिपिप्राझोलचा डोस वाढला, वही सुरू झाली. महिन्याभराने त्या पित्ताच्या गोळ्या न्यायला आल्या तेव्हा वही पिशवीतच होती. चौकटीच्या पानावर रोजचे आकडे, ४१, ३८, ४४, मग तिसऱ्या आठवड्यात २२, १९. डॉक्टरांनी त्यांना आणखी एक गोष्ट बजावली होती. टीबीचा कोर्स संपून रिफाम्पिसिन थांबलं की साधारण दोन आठवड्यांत यकृताचा वेग पूर्ववत होतो आणि तेव्हा वाढवलेला डोस अंगावर येऊ शकतो, म्हणून त्या सुमारास तो पुन्हा उतरवून घ्यायचा. त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून मला दाखवलं. कोर्स संपण्याची तारीख तिथे लाल पेनाने लिहिली होती, आणि खाली, मुलाच्या अक्षरात, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची वेळ.